छंद, देश, प्रेम : एका तरुणाचे तीन रकाने

विवाहयोग्य मराठी तरुणाविषयी जी लिखित साधने आज उपलब्ध आहेत, त्यांत परिचयपत्र, म्हणजे ज्याला घरोघरी 'बायोडेटा' म्हणतात तो एकपानी मजकूर, सर्वांत तपशीलवार आणि सर्वांत कमी विश्वासार्ह मानला पाहिजे. माथ्यावर गणपती, त्याखाली मिनिटापर्यंत नोंदवलेली जन्मवेळ, मग रास, नक्षत्र, गण, नाडी, देवक, कुलदैवत, रक्तगट, फूट-इंचांत उंची, 'गहूगोरा' नावाचा अन्यत्र कोठेही न आढळणारा वर्ण, शिक्षण, 'पॅकेज' म्हणजे वार्षिक पगाराचा कापाकापीपूर्वीचा आकडा, मामांचे आडनाव व मूळ गाव, आणि 'स्थावर' या शीर्षकाखाली दोन बेडरूमचा फ्लॅट, ज्याच्यावरील वीस वर्षांच्या कर्जाविषयी परिचयपत्र मौन पाळते, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. पानाच्या तळाशी दोन-तीन ओळींची जागा उरते आणि ती मोकळी सोडणे बरे दिसत नाही, म्हणून तेथे 'छंद' हा रकाना घातला जातो. देशाचा उल्लेख 'परदेशी जाण्याची तयारी : आहे' एवढ्यापुरता येतो. प्रेमाचा येत नाही. कारण प्रेम असते तर परिचयपत्र छापावे लागले नसते, असा त्यामागचा विचार असावा आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

छंद, देश आणि प्रेम हे विषय अशा रीतीने एकमेकांपासून तोडून, एक तळाला, एक कोपऱ्यात आणि एक पानाबाहेर ठेवलेले असले, तरी तरुणाच्या प्रत्यक्ष आयुष्यात ते असे वेगळे राहत नाहीत. पंचविशी ओलांडलेल्या मराठी मुलामुलींचे निरीक्षण केल्यास असे दिसते की, देश कसा मानावा हे शाळेने आणि चित्रपटगृहाने ठरवून दिलेले असते, लग्न कोणाशी करावे यावर आत्या, मामा आणि ज्योतिषी यांची समिती बसलेली असते, आणि छंद हे असे एकच क्षेत्र उरते की ज्याच्याकडे कोणी वडीलधारे गंभीरपणे पाहत नाही. ज्या दाराला कुलूप नाही त्यातूनच माणसे ये-जा करतात. तसे मराठी तरुणाने आपले देशप्रेम आणि आपले प्रेम ही दोन्ही गुपचूप छंदाच्या दारातून आत आणली आहेत.

प्रथम छंदाच्या रकान्याकडे पाहू. 'वाचन, संगीत ऐकणे, प्रवास' हे त्रिकूट त्यात इतक्या नियमाने आढळते की, ते मुद्रणालयातील नमुन्यातच छापलेले असावे असा संशय येतो. या तिन्हींचे समान वैशिष्ट्य असे की त्यांना पुरावा लागत नाही. जन्मवेळ दोन ज्योतिष्यांकडून तपासली जाते, पगाराची पावती आडवळणाने मागितली जाते, फ्लॅट तर मुलीकडची मंडळी 'इकडून जातच होतो' असे सांगून पाहून येतात; परंतु 'वाचन' लिहिणाऱ्या मुलाला शेवटचे पुस्तक कोणते वाचले असे विचारणारा मामा अद्याप जन्मलेला नाही. विचारलेच, तर शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही कादंबरी कामास येते. १९६७ साली प्रकाशित झालेल्या या कादंबरीने मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या हे सर्वमान्य आहेच. ती पहिल्या शंभर पानांनंतर खूण घालून ठेवणाऱ्या वाचकांच्याही कित्येक पिढ्या घडल्या, याची नोंद मात्र वाङ्मयेतिहासात सापडत नाही.

मुलीच्या परिचयपत्रातील हाच रकाना वेगळ्या नियमांनी चालतो आणि येथे विनोद जरा आखडता घ्यावा लागतो. मुलाने 'वाचन' लिहिले तर ती थाप म्हणून खपते. मुलीने 'स्वयंपाकाची आवड' लिहिले तर तो करार समजला जातो आणि त्याची अंमलबजावणी सत्यनारायणाच्या पूजेपासून सुरू होते. 'गिर्यारोहण' असे तिने लिहिले, तर 'पण आता लग्नानंतर' असे अर्धवट वाक्य समोरून येते, जे कोणी पूर्ण करीत नाही, कारण ते सर्वांना पाठ असते. मुलाला छंद असतात आणि मुलीला ते असू दिले जातात. त्यामुळे ज्या दाराला कुलूप नाही असे वर म्हटले, त्या दारातून तिला जाताना निदान चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : आणखी मुली किती आहेत, मुख्य कोण आहे, त्याचा नंबर काय, आणि परत किती वाजता. ही उत्तरे देऊन ती जातेच, आणि पुढील विवेचनात जे काही घडते ते त्यामुळेच घडू शकते.

छंदाचे स्वरूपही गेल्या दोन पिढ्यांत बदलले आहे. आजच्या तरुणाच्या वडिलांचा छंद बहुधा पोस्टाची तिकिटे जमवण्याचा असे आणि त्यात देशाशी आपोआप गाठ पडे : स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद' ही अक्षरे होती व किंमत साडेतीन आणे होती, हे अशा घरात लहान मुलालाही ठाऊक असे. तिकिटाला खर्च नव्हता. वाफेवर पाकीट धरून ते अलगद सोडवण्याचे कौशल्य तेवढे लागे. आताचा छंद आधी खरेदी करावा लागतो. गिटार घेतली जाते, तीन स्वरमेळ म्हणजे 'कॉर्ड' येतात, चौथ्याला करंगळी पुरत नाही आणि वाद्य भिंतीवर चढते, जेथून ते व्हिडिओ कॉलमध्ये छान दिसते. २०२० च्या टाळेबंदीत पीठ आंबवून पाव भाजण्याचा छंद असाच आला आणि ओव्हन मागे ठेवून गेला. त्या मानाने गड चढण्याचा छंद, ज्याला आता सर्वजण 'ट्रेक' म्हणतात, टिकून राहिला. त्याला सामान लागते हे खरे, पण सह्याद्री फुकट आहे आणि भिंतीवर टांगता येत नाही.

प्रेमाला परिचयपत्रात जागा नसली तरी त्याची उणीव भासू नये अशी गणिती व्यवस्था केलेली असते. पत्रिका जुळवण्याच्या पद्धतीत आठ कसोट्या असतात, त्यांना अष्टकूट म्हणतात, आणि त्यांचे गुण चढत्या भाजणीने दिलेले असतात : वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७ आणि नाडीला ८, असे एकूण ३६. त्यांपैकी १८ मिळाले की उत्तीर्ण, म्हणजे पन्नास टक्के. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला या निकषात काहीच वावगे वाटत नाही. छत्तीस गुणांमध्ये स्वभावाचे गुण ग्रहांमार्फत येतात, विनोदबुद्धीला शून्य आहे, आणि एकाला घोरण्याची सवय व दुसऱ्याला जागे राहण्याची, या योगासाठी स्वतंत्र कूट नाही. तरुण पिढी या पद्धतीवर विश्वास ठेवत नाही असे ती सांगते. मात्र ३२ गुण जुळल्याचे कळले की तेच मुलगे आणि त्याच मुली मित्रांना तो आकडा हसत हसत का होईना सांगतातच.

देशाच्या रकान्यात अधिक गुंतागुंत आहे, कारण तेथे दोन प्रश्न एकत्र झालेले असतात : कोणत्या देशावर प्रेम करायचे आणि कोणत्या देशात राहायचे. पहिल्याचे उत्तर इयत्ता पहिलीतच दिले जाते. शाळेत रोज म्हटली जाणारी प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली आणि ती पुढे देशभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली; तीत सर्व देशवासीयांना भावंडे म्हटले असल्यामुळे लग्न कोणाशी करावे, हा महाविद्यालयीन विनोद स्नेहसंमेलनांतून इतका झिजला आहे की त्याला आता निवृत्तिवेतन द्यावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत सोडत काढून ठरते. कुशल कामगारांसाठीच्या एच-१बी या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. अर्ज त्याहून पुष्कळ अधिक येतात, म्हणून निवड नशिबावर जाते. परिणामी ज्या मुलाचे मंगळ, शनी आणि राहू पुण्यातील ज्योतिष्याने अनुकूल ठरवले, त्याचे स्थळ म्हणून मूल्य मार्च महिन्यात दूरदेशीच्या संगणकाकडून निश्चित होते. सोडत लागली तर तो 'तिकडे सेटल' होतो. न लागली तर 'आईवडिलांसाठी मुद्दाम इथेच राहिला' असे परिचयपत्रात सुचवता येते. दोन्ही परिस्थितींत देशप्रेमाला धक्का लागत नाही. उलट जो गेला त्याचे वाढते, आणि गणपती आणायला सुट्टी नाही म्हणून लगतच्या शनिवारी आणून, ढोलाच्या आवाजाबद्दल स्थानिक पोलिसांना आगाऊ कळवून, ते साजरेही होते.

जो येथे राहिला त्याचे देशप्रेम मात्र बराच काळ नियमपुस्तिकेच्या स्वाधीन होते. सामान्य नागरिकाने वर्षभर केव्हाही तिरंगा फडकवावा अशी मोकळीक २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने दिली. ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिएस्टरचा, यंत्रावर विणलेला ध्वज चालेल असे ठरले आणि जुलै २०२२ मध्ये तो रात्रीही फडकत ठेवता येईल असे ठरले. चित्रपटगृहातील राष्ट्रगीताचा प्रवास याहून वळणाचा आहे. महाराष्ट्रात ही प्रथा आधीपासून होती, ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर सक्तीची केली आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ऐच्छिक ठरवली. संपूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. या ५२ सेकंदांत आजचा तरुण एका हातात पॉपकॉर्नचा डबा व दुसऱ्या हातात दोन शीतपेये असा उभा असतो, शेजारी जिच्याबरोबर तो प्रथमच चित्रपटाला आला आहे ती मुलगी असते, आणि सावधान उभे राहताना डबा अंगाशी धरावा की खाली ठेवावा, खाली ठेवण्यासाठी वाकले तर ते अनादराचे दिसेल काय, आणि न वाकता सांडले तर तिला काय वाटेल, या तिहेरी पेचात त्याची मुद्रा जितकी गंभीर होते तितकी पुढे लग्नातही होत नाही.

अशा बंदिस्त जागांतून सुटून हे सर्व जेथे मोकळे होते, ते ठिकाण म्हणजे गड. गड चढणे हा मुळात उनाडांचा, अभ्यासकांचा आणि भक्तांचा उद्योग होता. 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी तो मराठी वाचकाच्या मनात रुजवला, तेव्हा पाठीवर पडशी आणि वाटाड्याला हाक एवढेच सामान पुरत असे. आता पावसाळ्यातील शनिवारी महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरावर, म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर, लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते, रांगेत पुढे घुसल्यावरून वाद होतात, आणि माथ्यावरील देवळापाशी छायाचित्रासाठी पाळी लावली जाते. ज्यांना गर्दी नको म्हणून शहर सोडले त्या सर्वांची गर्दी, असे तिचे वर्णन करता येईल. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातील आणि एक तामिळनाडूतील जिंजी, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा तरुणाच्या छंदाला आणि देशाला एकच पत्ता मिळाला. छंद म्हणून गेलेला मुलगा देशकार्य करून परतल्याच्या चेहऱ्याने सोमवारी कार्यालयात शिरू लागला, आणि त्याचे लंगडणेही त्यामुळे सन्माननीय झाले.

ट्रेकचा विधी ठरलेला आहे. शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास स्वारगेटला किंवा दादरला बस लागते. ती साडेअकराला सुटते, कारण कोणीतरी 'पाच मिनिटांत पोचतो' असे घरातूनच कळवत असतो. पहाटे पायथ्याच्या गावी ज्यांच्या घरी उतरायचे त्या मावशींच्या अंगणात पोहे आणि चहा होतो आणि मग सर्वांना गोल उभे करून 'ओळखपरेड' घेतली जाते : नाव, गाव, काय करतो, आधी कोणते गड केले. अभ्यासकाच्या नजरेतून हे तोंडी परिचयपत्रच आहे, फक्त त्यातून नाडी, पॅकेज आणि मामा वगळले आहेत, आणि छापील प्रतीत तळाला गेलेला छंद येथे पहिल्या क्रमांकावर आला आहे. थाप मारण्याची सोयही येथे उरत नाही. 'राजगड चार वेळा केलाय' असे म्हणणाऱ्याचा खरेपणा पहिल्याच चढणीवर, दम लागून तो 'व्ह्यू बघायला' थांबतो तेव्हा, सर्वांसमोर सिद्ध किंवा असिद्ध होतो. वाचनाच्या छंदात अशी चढण नसते.

पुढे वाटेत कोठेतरी खडकाचा टप्पा येतो, ज्याला ही मंडळी 'रॉक पॅच' म्हणतात. उंची फार नसते. गावातील आठ वर्षांची पोरगी डोक्यावर ताकाची कळशी घेऊन तेथून खालीवर करीत असते. तरीही हा टप्पा सामाजिक दृष्ट्या अतिशय महत्त्वाचा आहे, कारण येथे वर पोचलेल्याने खालच्याला हात द्यायचा असतो. मराठी मध्यमवर्गात दोन अपरिचित तरुण स्त्रीपुरुषांनी भरदिवसा, चाळीस साक्षीदारांसमोर एकमेकांचा हात धरावा आणि त्याबद्दल वर 'नीट धर!' असा ओरडा मिळावा, असा दुसरा प्रसंग अस्तित्वात नाही. हात मनगटापाशी पकडायचा असतो, घामाने तळवा निसटतो म्हणून, असे नेता आधीच सांगून ठेवतो. तो पकडला जातो, बूट घसरतो, पुन्हा टेकतो, आणि ती वर येते. गुडघ्याला माती, तोंडात 'थँक्स'. सुरक्षिततेसाठी जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा अधिक वेळ हात सुटत नाही. कधी तो वर असतो आणि ती खाली. जरा सरावलेल्या ग्रुपमध्ये तीच वर असते आणि 'डावा पाय, अरे डावा!' असे दटावून त्याला ओढून घेते, आणि या प्रकारात जुळण्याचे प्रमाण अधिक असावे असे अनुमान निघते. घरी यातले काही कळत नाही. 'कोणाबरोबर गेला होतास?' या प्रश्नाला 'ग्रुपबरोबर' हे उत्तर पूर्ण समजले जाते. या सामुदायिक नामाने मराठी घरांत जेवढी शांतता राखली आहे तेवढी दुसऱ्या कशानेही राखली नसेल.

२६ जानेवारीच्या पहाटे यात देशही सामील होतो. गडावर ध्वजवंदन करण्याची प्रथा अनेक ग्रुपांनी उचलली आहे आणि ती चांगली आहे, कारण तेथे कोणी सक्ती केलेली नसते आणि हातात पॉपकॉर्न नसतात. अंधारात विजेऱ्यांच्या उजेडात चढून आलेली मंडळी थंडीने कुडकुडत ओळीत उभी राहतात, काठी सरळ राहावी म्हणून तिच्या बुडाशी दगड रचले जातात, राष्ट्रगीत प्रत्येकजण आपापल्या पट्टीत सुरू करतो आणि शेवटच्या जयघोषापर्यंत सर्वजण एकाच पट्टीत येतात. मग शिवरायांच्या नावाने गारद दिली जाते आणि लगेच पिठले-भाकरी कोणाकडे सांगितली आहे याची चौकशी सुरू होते. ध्वजसंहितेप्रमाणे कागदी झेंडे नंतर जमिनीवर टाकायचे नसतात. ते गोळा करून पिशवीत घालण्याचे काम कोणी तरी दोघे अंगावर घेतात. ते दोघे दर वर्षी तेच असतात आणि झेंडे वेचता वेचता बरेच मागे राहतात, ही गोष्ट ग्रुपमध्ये सर्वांच्या लक्षात आलेली असते. गोळा होणाऱ्या झेंड्यांच्या संख्येवरून पाहता एवढा वेळ लागू नये.

गडावरील प्रेमाचा दुसरा प्रकार मात्र निंद्य आहे आणि त्याचा लेखी पुरावा मुबलक आहे. दरवाज्यांच्या कमानी, टाक्यांचे काठ आणि बुरुजांच्या आतील बाजू येथे आढळणारे अर्वाचीन शिलालेख अत्यंत एकसुरी असतात : प्रारंभी एका मुलाचे नाव किंवा आद्याक्षर, मग अधिकचे चिन्ह, मग मुलीचे नाव, सभोवार बदामाची आकृती, तिच्यातून आरपार बाण, आणि खाली क्वचित सन. माध्यम कोळसा, चुनखडी, टोकदार दगड किंवा, पूर्वतयारीने आलेल्याच्या बाबतीत, ऑइलपेंट. एकाच हस्ताक्षरात, एकाच मुलाच्या नावापुढे, दोन बुरुजांवर दोन वेगळी नावे सापडल्यास त्यावरून कालक्रम लावता येतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केल्यास १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यान्वये, २०१० मधील दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एवढ्या खर्चात पुण्यात बऱ्यापैकी साखरपुडा होतो.

अशा लेखांच्या समर्थनार्थ कोणी परंपरेचा आधार घेईल म्हणून सांगितले पाहिजे की परंपरा खरोखरच आहे. छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यात रामगडच्या डोंगरात जोगीमारा नावाची गुहा असून तिच्यात ब्राह्मी लिपीतील, सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जाणारा एक लहानसा लेख आहे. सुतनुका नावाची देवदासी होती, आणि वाराणसीच्या देवदिन्नाने, जो 'रूपदक्ष' होता, तिच्यावर प्रेम केले, एवढाच त्याचा आशय आहे. मुलाचे नाव, मूळ गाव, व्यवसाय, मुलीचे नाव आणि तिचा व्यवसाय असा सर्व आवश्यक तपशील त्यात आलेला आहे. गंमत अशी की, 'रूपदक्ष' म्हणजे नक्की कोण, मूर्तिकार की चित्रकार की नाण्यांची पारख करणारा अधिकारी, यावर पंडितांचे एकमत झालेले नाही. मुलगा काय करतो, या प्रश्नाचा निकाल बावीस शतकांनंतरही लागायचा आहे, आणि मूर्तिकार व सरकारी अधिकारी यांच्यातील फरक कोणत्याही मुलीच्या बापाला समजावून सांगावा लागणार नाही. याउलट रायगडावर हिरोजी इंदुलकरांचा लेख पाहावा. त्यांनी गडाचे बांधकाम उभे केले आणि आपले नाव कोरले ते जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर, जेथे येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडेल. राजधानी बांधल्यावर एक पायरी मागणारा आणि काहीही न बांधता आख्खा बुरूज घेणारा, या दोघांची नावे एकाच जातीच्या दगडात असली तरी अभ्यासकाने ती वेगवेगळ्या वहीत टिपावीत.

झेंडे वेचणाऱ्या त्या दोघांचे प्रकरण पुढे सरकते तेव्हा देश पुन्हा मध्ये येतो, आणि या वेळी लेखणी त्याच्या हाती असते. दोघांचे धर्म वेगळे असले, किंवा जात वेगळी असून घरून होकार आला नसला, की बहुधा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याकडे वळले जाते. याचा पूर्वज असलेल्या १८७२ च्या कायद्यात वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी कोणीही नाही असे जाहीर करावे लागे, म्हणजे लग्नासाठी आधी धर्माला सोडचिठ्ठी द्यावी लागे. स्वतंत्र भारताने ती अट काढून फक्त तीस दिवस मागितले. दोघांपैकी एकजण जेथे निदान तीस दिवस राहत आहे त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तो ती वहीत नोंदवतो आणि तिची एक प्रत कार्यालयात ठळक जागी लावतो. म्हणजे मुलाचे नाव आणि मुलीचे नाव शेजारी शेजारी लिहून ते भिंतीवर सर्वांना दिसेल असे लावणे, हे जे कृत्य गडावर केल्यास दोन वर्षांची कैद सांगितली आहे, ते येथे सरकार स्वतः, शिक्का मारून, करते. बदाम आणि बाण तेवढे गाळलेले असतात.

या तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते आणि मामा ती घेण्यासाठी येतातही. परंतु कायद्याला मान्य असलेली कारणे मोजकी आहेत : आधीचा जोडीदार हयात असणे, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता नसणे, मुलगा एकवीस किंवा मुलगी अठरा वर्षांची नसणे, अथवा नाते निषिद्ध कक्षेतले असणे. एकनाड, पॅकेज, मुलाचे कांदा-लसूण खाणे आणि 'आमच्यात असे चालत नाही' यांपैकी एकही कारण त्या यादीत नाही, हे कळल्यावर मामा बाहेर बाकावर बसून पाणी पितात. मुदत संपल्यावर, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत, लग्न लावावे लागते, नाहीतर पुन्हा नोटीस. घोषणापत्रावर वधूवरांसोबत तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते तिघे जवळजवळ नेहमी ट्रेकच्या ग्रुपमधले निघतात. कार्यालय उघडण्याआधी सर्व कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दारात हजर राहणारे आणि दोन तास रांगेत कुरकुर न करता उभे राहणारे मित्र दुसरीकडे कोठे मिळणार? चौथा 'पाच मिनिटांत पोचतो' असे कळवत असतो. त्याची सही लागत नाही.